हातातलं काम पूजा म्हणून कसं करावं

गीतेच्या अठराव्या अध्यायातला ४६वा श्लोक सांगतो, ज्याच्यापासून भूतमात्र निर्माण झालं आणि ज्यानं हे सगळं व्यापलं आहे, त्याची आपल्या कर्मानं पूजा करून माणूस सिद्धीला पोचतो. शके १२१२मध्ये ज्ञानेश्वरांनी त्यावर लिहिलं: ‘तया सर्वात्मका ईश्वरा । स्वकर्मकुसुमांची वीरा । पूजा केली होय अपारा । तोषालागीं ॥’ ही ओवी पाठ असणारे पुष्कळ भेटतात. पण सकाळी कामाला बसल्यावर नेमकं काय वेगळं करायचं असं विचारलं, की उत्तर येतं, ‘फळाची आशा सोडायची.’ सूचना म्हणून हे निरुपयोगी आहे. आशा सोडतो म्हटल्यानं सुटत नाही, उलट दिवसभर लक्ष तिच्याकडेच राहतं.

कृती मात्र ठरवून बदलता येते. घरच्या देवपूजेला एक क्रम असतो: संकल्प, साधनांची पूजा, उपचार (म्हणजे देवाला स्नान, गंध, फूल वगैरे), अर्पण, क्षमायाचना, प्रसाद. हाच क्रम कामाला लावायचा. मग फळाचा विषय कुठे काढायचा आणि कुठे मिटवायचा, याच्या जागा ठरून जातात आणि आशेशी वेगळी झटापट करावी लागत नाही.

काम निवडताना

मीमांसा, म्हणजे वेदांतल्या विधींचा अर्थ लावणारं शास्त्र, कर्मांचे ढोबळ गट करतं. रोज करायचं ते नित्य, प्रसंग आला की करायचं ते नैमित्तिक, काही मिळवण्यासाठी करायचं ते काम्य आणि करूच नये ते निषिद्ध. आपल्या कामांची एक यादी करून प्रत्येकापुढे यातला शब्द लिहावा. निषिद्ध कामं लगेच बाजूला काढावीत. खोटी नोंद देवाला वाहिली म्हणून खरी होत नाही. काम्य कामांत पाप नाही, पण सुरुवात तिथून करू नये, कारण त्यांच्या मुळाशीच फळ असतं. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास निष्काम करायचा हट्ट पहिल्याच महिन्यात धरला, तर अभ्यासही बिघडतो आणि साधनाही.

सुरुवातीला एकच नित्य काम निवडावं. ते ओळखायची सोपी खूण अशी: केलं नाही तर कुणाचं तरी अडतं आणि केलं म्हणून कुणी टाळ्या वाजवत नाही. शिक्षकाचं उत्तरपत्रिका तपासणं, किंवा अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची शुश्रूषा. पुढे हीच दोन उदाहरणं घेतली आहेत.

नित्यकर्माबद्दल मीमांसकांचा एक नियम फार कामाचा आहे. काम्य कर्म सगळ्या अंगांसह पुरं झालं तरच फळ देतं, एखादं अंग राहिलं की गेलं. नित्यकर्म मात्र यथाशक्ती चालतं. सगळी सामग्री जमली नाही म्हणून ते टाळायचं नाही, जेवढी आहे तेवढ्यावर करायचं. वेळ मिळेल, शांतता मिळेल, मग नीट करू, असं म्हणणारा माणूस कर्तव्याला नकळत काम्य कर्माची अट लावत असतो.

‘स्वधर्म’ म्हणजे जन्मानं चिकटलेला धंदा, असा अर्थ शतकानुशतकं लावला गेला आणि त्यापायी माणसांना कामाला जखडून ठेवलं गेलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. गीता स्वतः चौथ्या अध्यायात वर्णविभाग गुण आणि कर्मावरून सांगते. आज व्यवहारात स्वधर्म म्हणजे आपण पत्करलेल्या किंवा आपल्यावर येऊन पडलेल्या जबाबदारीचं काम, एवढा अर्थ पुरतो. ते काम उच्च असण्याची गरज नाही. महाभारताच्या वनपर्वात कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाला धर्म शिकवायला मिळतो तो मिथिलेतला मांस विकणारा व्याध. आधी एक गृहिणी त्याला भिक्षेसाठी दारात थांबवून ठेवते, कारण भुकेला नवरा नुकताच घरी आलेला असतो. तीच त्याला व्याधाकडे पाठवते. व्याध आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांकडे बोट दाखवून सांगतो, हेच माझं दैवत. अरणच्या सावता माळ्यांनी ‘कांदा मुळा भाजी । अवघी विठाबाई माझी’ म्हटलं, ते मळ्यात उभं राहून.

हात घालण्याआधी

फळाची आशा नको म्हणजे परिणामांचा विचारही नको, ही समजूत सगळ्यांत जास्त नुकसान करते. गीता नेमकं उलट सांगते. अठराव्या अध्यायाच्या २५व्या श्लोकात तामस कर्माची व्याख्या आहे: अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष यांचा विचार न करता मोहानं सुरू केलेलं कर्म. म्हणून कामाला हात घालण्याआधी चार प्रश्न विचारून घ्यावेत. यातून पुढे काय काय ओढवेल? वेळ, पैसा, शक्ती किती खर्ची पडेल? कुणाला इजा होईल का? आणि हे आपल्याच्यानं निभेल का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर मदत मागणं हाच कर्तव्याचा पहिला भाग होतो. वडिलांचं वजन ऐंशी किलो, उचलणारी एकटी पंचेचाळीस किलोची मुलगी. इथे ‘सेवा आहे, करायलाच हवी’ म्हणत एकटीनं उचलणं तामसात जमा होतं. दोघंही पडतील.

संकल्प

पूजेच्या संकल्पात स्थळ, काळ, करणाऱ्याचं नाव, काय करणार आणि कशासाठी, एवढं सगळं मोठ्यानं उच्चारलं जातं. काम्य पूजेत ‘कशासाठी’च्या जागी अमुक फळाच्या प्राप्तीसाठी असं येतं. नित्यपूजेत त्याच जागी ‘श्रीपरमेश्वरप्रीत्यर्थम्’ येतं. बाकी वाक्य जवळपास तेच असतं. निष्कामता म्हणतात ती करायची ती एवढ्या एका जागी.

शिक्षकाचा संकल्प असा होईल: ‘आज संध्याकाळी सहा ते आठ, या टेबलाशी, वीस उत्तरपत्रिका, प्रत्येक उत्तर शेवटपर्यंत वाचून, नमुना उत्तराप्रमाणे गुण देऊन तपासेन, परमेश्वराच्या प्रीत्यर्थ.’ संख्या आणि वेळ सांगणं आवश्यक आहे. ‘आज मन लावून काम करेन’ हा संकल्प होत नाही, कारण तो पुरा झाला की नाही हे कधीच कळत नाही. आकडा आवाक्यातला घ्यावा. चाळीसचा गठ्ठा दोन तासांत उरकायचा ठरवला, की पंचविसाव्या पेपरानंतर उत्तरं अर्धवट वाचली जातात आणि शेवटच्या पंधरा मुलांवर अन्याय होतो.

साधनं

मुख्य देवतेच्या आधी कलश, शंख, घंटा आणि दीप यांची पूजा होते. कामाच्या साधनांना हळदकुंकू वर्षातून एकदा दसऱ्याला लागतं. रोजचं काम म्हणजे ती तयार ठेवणं: लाल पेन दोन, नमुना उत्तर डोळ्यांसमोर, फोन दुसऱ्या खोलीत. शुश्रूषेला कोरडी चादर, दोन उशा, कोमट पाणी, मऊ फडकं, औषधांची वेळ लिहिलेला कागद. मध्येच उठून वस्तू शोधावी लागली की चिडचिड होते आणि ती आजाऱ्यावर निघते. यात अध्यात्म फारसं नाही, पण सात्त्विक कर्त्याचा अर्धा उत्साह असल्याच बारीक गैरसोयींत खर्च होतो.

प्रत्यक्ष करताना

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्यावा. अंथरुणावरच्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलवावी लागते, नाहीतर दाबाच्या जागी जखमा होतात. हे काम पूजा म्हणून करायचं म्हणजे मनात स्तोत्र चालू ठेवून कूस बदलायची असं नव्हे. आधी त्यांना सांगायचं, ‘बाबा, आता डाव्या कुशीवर घेते हं.’ अंगाखालच्या आडव्या चादरीचं टोक धरून उचलत फिरवायचं. ओढायचं नाही, ओढल्यानं पातळ झालेली कातडी सोलवटते. मग माकडहाड, नितंब, टाचा, घोटे, खांद्याची पाती बघायची. लाली दिसली तर बोटानं दाबायचं. दाबल्यावर ती फिकी पडत नसेल तर ती जागा दाबमुक्त ठेवून डॉक्टरांना कळवायचं. गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा अधांतरी. देवाला स्नान घालताना मूर्तीच्या कानाकोपऱ्यात साचलेलं गंध काढतात, तशी ही नजर. विनोबांनी १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगातल्या प्रवचनांत बाहेरच्या कृतीला मनाची जोड द्यायला सांगितलं, ती जोड ही अशी असते. मन लाली शोधण्यात गुंतलेलं असतं.

मन फळाकडे पळेल तेव्हा ते कोणत्या फळाकडे पळालं, हे ओळखायला शिकावं. मोबदला आणि कीर्ती चटकन ओळखू येतात. कृतज्ञता लपून येते: ‘एवढं करते, पण एकदा तरी बरं वाटलं म्हणाले का?’ भावंडांशी तुलना हा त्याच फळाचा दुसरा चेहरा आहे. सर्वांत चिवट फळ म्हणजे ‘मी निष्काम आहे’ ही भावना. ती साधकाला आतून पोखरते आणि आजूबाजूच्यांना भयंकर कंटाळा आणते.

पळालेलं मन पकडून आणण्यासाठी स्वतःशी वाद घालू नये. मनात नुसतं नाव घ्यावं, ‘कृतज्ञता’, आणि पुढच्या हालचालीकडे वळावं: उशी कुठे आहे? दहादा पळालं तर दहादा.

अर्पण, निकाल लागण्याआधी

ही पायरी बहुतेकांकडून चुकते, कारण ती उशिरा होते. निकाल वाईट लागल्यावर ‘देवाला वाहिलं’ म्हणणं हे सांत्वन आहे. चांगला लागल्यावर ‘त्याचीच कृपा’ म्हणणं हा बऱ्याचदा शिष्टाचार असतो. अर्पण खरं व्हायचं तर फळ अज्ञात असतानाच व्हायला हवं. होमात आहुती अग्नीत पडते त्याच क्षणी ‘अग्नये इदं न मम’ म्हणतात. पाऊस पडतो की नाही ते बघून मग म्हणत नाहीत.

म्हणून अर्पणाचा क्षण कामाच्या आराखड्यातच ठरवून ठेवावा. शिक्षकासाठी तो गुणपत्रक सोपवण्याचा क्षण. शुश्रूषेला असा शेवट नसतो, तिथे रात्रीची शेवटची कूस बदलून झाल्यावरची वेळ धरावी. ज्यांच्याकडे पूजेची सवय आहे त्यांनी पळीभर पाणी उजव्या हातावरून ताम्हनात सोडून ‘श्रीकृष्णार्पणमस्तु’ म्हणावं. ऑफिसात नुसतं मनात ‘न मम’ म्हटलं तरी चालतं. गीतेच्या नवव्या अध्यायात जे करतोस, खातोस, होमतोस, देतोस, तपतोस, ते मला अर्पण कर, असं सांगितलं आहे, आणि त्याच्या आधीच्याच श्लोकात पान, फूल, फळ, पाणी एवढंच मागितलं आहे. थाटाची अट कुठेच नाही.

अर्पणाला जोडून क्षमायाचना येते. पूजेच्या शेवटी मंत्र, क्रिया, भक्ती यांत उणं राहिलं असेल ते पदरात घे, अशी प्रार्थना असते. कामाच्या बाबतीत उणं काय राहिलं ते नाव घेऊन म्हणावं: ‘शेवटच्या तीन पेपरांत घाई झाली.’ नाव घेतलं की दोष उद्याच्या संकल्पात दुरुस्त करता येतो. मोघम क्षमा मागितली की तोच दोष परत येतो.

आता अर्पणानंतर. वाहिलेलं फूल परत उचलून कुणी केसांत माळत नाही, दुसऱ्या दिवशी ते निर्माल्य म्हणून निघतं. सोपवलेलं काम मनात पुन्हा उचलून बघणं, चारचौघांत त्याचा पाढा वाचणं, कुणी काय म्हटलं याचा माग काढणं, हे सगळं वाहिलेलं फूल उचलण्यातच मोडतं. अपवाद एकच: चूक लक्षात आली तर ती सुधारायची. एका मुलाची बेरीज चुकली आहे असं रात्री आठवलं, तर ‘मी तर अर्पण केलं’ म्हणून झोपून जाणं ही शुद्ध लबाडी. दुरुस्ती हे नवं कर्तव्य, त्याचा संकल्प वेगळा.

फळ हातात आल्यावर

नैवेद्य दाखवून झाला की जे परत मिळतं तो प्रसाद. त्याची चव चांगली की वाईट, यावरून देवाशी भांडण होत नाही. इथे मनाला आधार द्यायला अठराव्या अध्यायाचा १४वा श्लोक वापरावा. कोणत्याही कर्माची पाच कारणं त्यात दिली आहेत: अधिष्ठान (आधार किंवा जागा), कर्ता, निरनिराळी करणं (साधनं), निरनिराळ्या चेष्टा (हालचाली) आणि पाचवं दैव. कागदावर पाच ओळी ओढून निकालातला प्रत्येकाचा वाटा लिहावा. वर्गाचा निकाल कमी लागला: अधिष्ठान, साठ मुलांचा वर्ग आणि गळकं छप्पर, कर्ता, शिकवताना एक धडा उरकला गेला, करणं, पुस्तकं दोन महिने उशिरा आली, चेष्टा, सराव चाचण्या दोनच झाल्या, दैव, परीक्षेच्या आठवड्यात तापाची साथ. यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या ओळीवर पुढच्या वर्षी काम करता येतं. पहिल्या आणि तिसऱ्याबद्दल संबंधितांना लेखी कळवता येतं. पाचवी तशीच ठेवायची.

यश आल्यावरही हाच कागद भरावा. लोक अपयशात पाचही कारणं सांगतात आणि यशात फक्त दुसरं. आपण एकटेच कर्ता असं मानणाऱ्याला गीता दोनच श्लोकांनंतर ‘दुर्मति’ म्हणते.

पगार, हक्क आणि फुकटचे उपदेशक

‘मा फलेषु’ हे वाक्य दुसऱ्याला ऐकवण्यासाठी नाही. ते ज्यानं त्यानं स्वतःच्या मनाला सांगायचं. मजुरी थकवणाऱ्या मालकानं, सगळं ओझं सुनेवर टाकणाऱ्या घरानं, ओव्हरटाइम न देणाऱ्या संस्थेनं ते उच्चारलं, तर त्यात गीता काही उरत नाही. ठरलेलं वेतन हा कराराचा भाग आहे. ते मागणं, पाठपुरावा करणं, न मिळाल्यास दाद मागणं यानं निष्कामता भंगत नाही. अर्जुनाला राज्याचा हक्क सोडून दे असं कृष्णानं सांगितलं नव्हतं. तो सोडायलाच तर अर्जुन निघाला होता. वेतनाची मागणी स्वतंत्र काम म्हणून करावी, संकल्पापासून अर्पणापर्यंत. तोवर हातातल्या उत्तरपत्रिका मात्र पगार मिळालेल्या महिन्यासारख्याच तपासायच्या. हे कठीण आहे. पण पगाराचा राग विसाव्या मुलाच्या उत्तरावर निघत असेल, तर साधनेला सुरुवात तिथूनच करावी.

कुठे बिघडतं

काम टाळून त्याला वैराग्य म्हणणं, हा जुना रोग. त्याचं निदान गीतेनं बारकाईनं केलं आहे. नेमून दिलेलं कर्म मोहानं टाकलं तर तो तामस त्याग, अंगाला कष्ट होतात म्हणून टाकलं तर राजस. हातपाय आवरून मनात विषयांचं चिंतन करत बसणारा ‘मिथ्याचार’, म्हणजे ढोंगी. सात्त्विक त्यागात काम तसंच चालू राहतं, फक्त आसक्ती आणि फळ सुटतं.

‘आता मला कशाचंच काही वाटत नाही’ असं वाटू लागलं तर सावध व्हावं. सात्त्विक कर्त्याच्या लक्षणांत धृती, म्हणजे धीर, आणि उत्साह दोन्ही आहेत. विषादी आणि दीर्घसूत्री, म्हणजे सदा खिन्न आणि चालढकल करणारा, हे तामस कर्त्याचं वर्णन आहे. अनासक्ती आली असं वाटत असताना कामं लांबणीवर पडू लागली असतील, तर ती बहुधा थकवा किंवा खिन्नता असते. तिच्यावर उपाय विश्रांती आणि गरज पडल्यास डॉक्टर. वर्षानुवर्षं शुश्रूषा करणाऱ्यांत हे हमखास होतं आणि ‘सेवा’ या शब्दाखाली दडपलं जातं. आठवड्यातून काही तास दुसऱ्या कुणाकडे जबाबदारी देणं हा यथाशक्तीचाच भाग समजावा.

ईश्वरावर विश्वास नसेल तर? बाराव्या अध्यायात कृष्ण एकेक पायरी खाली उतरत जातो: मन माझ्यात ठेव, जमत नसेल तर अभ्यास, म्हणजे पुन्हा पुन्हा तोच प्रयत्न, कर, तेही नसेल तर माझ्यासाठी कर्म कर, तेही जमत नसेल तर फक्त सगळ्या कर्मांचं फळ सोड. शेवटच्या पायरीला मूर्ती लागत नाही. तिथे संकल्पात ‘लोकसंग्रहासाठी’ म्हणावं, म्हणजे जग नीट चालावं म्हणून. तिसऱ्या अध्यायात जनकाचं उदाहरण देऊन तोच हेतू सांगितला आहे. शंकराचार्यांच्या मते असं कर्म चित्तशुद्धी करून ज्ञानाकडे नेतं. टिळकांनी १९१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ज्ञान झाल्यावरही कर्म सुटत नाही, असा पक्ष मांडला. रोजच्या साधकाला या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबायचं कारण नाही, पहिली पायरी दोघांची एकच आहे.

खंड पडला तर

पडतोच. चार दिवस संकल्प राहिला, पाचव्या दिवशी वडिलांवर ओरडणं झालं. अशा वेळी मागचं भरून काढायला दुप्पट संकल्प करू नये, तो दुसऱ्याच दिवशी मोडतो. ज्याच्यावर राग निघाला त्याची सरळ माफी मागावी आणि निम्म्या आकड्यानं सुरुवात करावी: वीसच्या जागी दहा उत्तरपत्रिका, दिवसभराच्या जागी संध्याकाळची एकच फेरी. या मार्गात सुरू केलेलं वाया जात नाही आणि उलटा दोषही लागत नाही, असं दुसऱ्या अध्यायाच्या ४०व्या श्लोकात म्हटलं आहे. म्हणजे मागचे दिवस पुन्हा शून्यापासून मोजायचे नाहीत. एक काम असं तीनेक महिने सुरळीत चाललं की मगच यादीतलं दुसरं नित्यकर्म घ्यावं. काम्य कामांकडे त्याही नंतर वळावं.